निवारा आणि संकट : माळवदाच्या घराचा इतिहास

१

‘निवारा’ हा शब्द मराठीत घराला पर्याय म्हणून वापरला जात असला, तरी त्या दोन शब्दांचा अर्थ तंतोतंत एक नाही. ‘घर’ या शब्दाने वास्तूचा, कुटुंबाचा आणि वंशाचाही बोध होतो. ‘निवारा’ शब्दाचे नाते मात्र ‘निवारण’ या शब्दाशी आहे. जे काही बाहेरून अंगावर येत असेल, ते अडविणारी वस्तू म्हणजे निवारा. हा शब्द म्हणूनच स्वभावतः सापेक्ष आहे. निवारा म्हटला की ‘कशापासून?’ हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. मराठी भाषेने या प्रश्नाचे उत्तरही रूढ करून ठेवले आहे : ऊन, पाऊस, वारा. या तिहींना अडवील ते घर चांगले, असा व्यवहार शतकानुशतके चालत आला.

परंतु घरावर येणारी संकटे या तीनच जातींची नसतात. आग, महापूर आणि भूकंप ही संकटे क्वचित येतात. आणि नेमके क्वचित येतात म्हणूनच घर बांधण्याच्या रूढीवर त्यांचा ठसा उमटत नाही, अथवा उमटलाच तर एकदोन पिढ्यांत पुसला जातो. रोजच्या संकटाला उत्तर म्हणून घडलेले घर विरळ येणाऱ्या संकटात कसे वागते, आणि त्या अनुभवानंतर घर बदलले असता जुने रोजचे संकट कसे परत येते, याचा विचार महाराष्ट्रातील काही घटनांच्या आधारे येथे करावयाचा आहे. विवेचनाचा मुख्य विषय मराठवाड्यातील माळवदाचे घर हा असून, मुंबई आणि पुणे येथील उदाहरणे तुलनेपुरतीच घेतली आहेत.

२

लातूर, उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव), सोलापूर या भागांत उन्हाळा दीर्घ व कोरडा असतो. तापमान ४० अंशांच्या वर जाणे ही तेथे नित्याची गोष्ट होय. पाऊस बेताचा, लाकूड दुर्मिळ आणि दगड मुबलक, ही या प्रदेशाची स्थिती. या तीन गोष्टींच्या संयोगातून माळवदाचे घर निर्माण झाले. दगडाच्या जाड भिंती चिखलात रचावयाच्या, त्यांवर किंवा लाकडी खांबांवर तुळया टाकावयाच्या, तुळयांवर फळ्या अंथरावयाच्या आणि त्यांवर मातीचा जाड थर देऊन तो चोपून सपाट करावयाचा, अशी ही रचना. भिंतींची जाडी दोन फुटांपासून पाच-सहा फुटांपर्यंत आढळते. मातीचा थर एका फुटापासून अडीच फुटांपर्यंत असे.

या घराचे उन्हाळ्यातील गुण थोर होत. दिवसभराचे ऊन त्या जाड भिंती व ती माती सावकाश पिऊन घेत. बाहेरची उष्णता आतल्या पृष्ठापर्यंत पोहोचेतो सूर्य मावळलेला असे, आणि तोवर घरातील माणसे अंगणात किंवा माळवदावर अंथरुणे घेऊन गेलेली असत. भिंतींना खिडक्या नसत किंवा अगदी लहान असत. उजेड येण्यास व धूर जाण्यास छतात एक भोक ठेवलेले असे. त्याला ‘सवणे’ म्हणत. तप्त हवा तेथूनच वर निघून जाई. भिंतीच्याच जाडीत धान्य साठविण्याची ‘बळदे’ असत. चोरापासून, लुटारूपासून आणि उन्हापासून संरक्षण देणाऱ्या वास्तूचे हे रूप पाहिले असता, ती अनाडीपणाने बांधलेली होती असे कोणी म्हणू शकणार नाही. वैशाखातील दुपारी घराबाहेर न पडणे आणि माजघराच्या थंड अंधारात पडून राहणे हाच ऊन न लागण्याचा सर्वांत जुना व खात्रीचा उपाय होता. आणि तो उपाय या घरावाचून शक्य नव्हता.

या रचनेचे मर्म तिच्या शब्दांतही साठविलेले आहे. गावाच्या जमिनीचे दोन भाग मराठीत रंगावरून ओळखले जातात : पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पुढे ‘पांढरी’ या शब्दाचा अर्थ विस्तारून तो गावातील समस्त वस्तीचा वाचक झाला. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. छतावर ती निरुपयोगी. माळवदावर घालावयाची ती पांढरी माती. ज्या मातीवर गाव वसले, तीच माती गावाने डोक्यावर घेतली, असे अलंकार बाजूस ठेवूनही म्हणता येते.

दुसरा शब्द ‘खण’. दोन तुळयांमधील किंवा खांबांच्या दोन ओळींमधील अंतर म्हणजे खण. आणि घराचा मोठेपणा सांगावयाचा तो खणांच्या संख्येने. पाच खणांचे घर, सात खणांचे घर, अशी मोजणी होई. लाकडाचा सांगाडा हे घराचे माप आहे, भिंत नव्हे, ही समजूत या शब्दप्रयोगात गृहीत आहे. लाकूड महाग झाल्यावर कित्येक घरांत खांब गळाले आणि तुळया थेट भिंतींवर टेकविण्यात आल्या. वस्तू बदलली, परंतु मोजमापाचा शब्द तोच राहिला. भाषेच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. या प्रकरणी त्या बदलाचे मोल पुढे माणसांच्या प्राणांनी मोजावे लागले.

तिसरी गोष्ट माळवदाच्या निगेची. पावसाळ्यात माळवद गळू लागले की त्यावर नवी माती घालून चोपावयाची, हा सर्वत्र रूढ उपाय. जुनी माती काढण्याचे श्रम सहसा कोणी घेत नसे. पिढ्यानपिढ्या असे होत गेल्याने छताचे ओझे दर पावसाळ्यागणिक वाढत गेले. गळती थांबली, गारवा वाढला, आणि घराच्या माथ्यावरील भार कोणाच्याही ध्यानात न येता दुपटीवर गेला. रोजच्या दोन संकटांचे निवारण करणारी ही कृती तिसऱ्या, अनोळखी संकटाची तयारी करीत होती.

३

त्या तिसऱ्या संकटाकडे वळण्यापूर्वी आगीचा विचार करणे इष्ट आहे. कारण आगीच्या कसोटीवर माळवदाचे घर पुरेपूर उतरते आणि शहरातील लाकडी वाडा उतरत नाही.

मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या आगीने कोटातील दाट देशी वस्तीचा मोठा भाग बेचिराख केला. तटाच्या आत घराला घर लागून होते आणि लाकडाचा वापर विपुल होता. या आगीनंतर कोटाबाहेरच्या नव्या वस्तीला जोराची चालना मिळाली. पुण्याचा शनिवारवाडा १७३० मध्ये बांधावयास घेतला गेला आणि १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. दगडी जोते व त्यावर सागवानी सांगाड्याचे मजले अशी त्याची बांधणी होती. त्याच्या काही भागांना आधीही आगी लागल्या होत्या. परंतु २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली आणि तट, दरवाजे व जोती यांखेरीज काही उरले नाही. पुढे १३ मे १८७९ रोजी बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना हेतुपुरस्सर लावलेल्या आगीत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. या तिन्ही तारखा कोरड्या ऋतूतील आहेत. आगीचे कारण काहीही असो, ती पसरते ती लाकूड व गवत वाळून कोळ झालेले असते तेव्हा. उन्हाळा आणि आग ही दोन संकटे अशा रीतीने एकाच ऋतूची भावंडे ठरतात.

माळवदाच्या छतावर ठिणगी पडली तर ती विझते. गवताने शाकारलेल्या घराची स्थिती याच्या उलट. उन्हात ते थंड असते खरे, परंतु शेजारच्या घरातील एक निखारा त्याला पुरतो. खेड्यातील सुस्थित कुटुंबे गवताकडून माळवदाकडे वळली, त्याला प्रतिष्ठेइतकेच हेही कारण असणे संभवनीय आहे.

आग विझविण्याच्या सामूहिक व्यवस्थेसाठी मराठीने ‘बंब’ हा शब्द स्वीकारला. तो पोर्तुगीज भाषेतील पाणी उपसण्याच्या यंत्राच्या नावावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. आंघोळीचे पाणी तापविणारे तांब्याचे भांडे आणि आग विझविणारी गाडी या दोहोंना मराठी माणूस एकच शब्द वापरतो. घरातील अग्नी ताब्यात ठेवणारे साधन आणि ताब्याबाहेर गेलेल्या अग्नीवर चालून जाणारे साधन यांचा असा योग अन्यत्र क्वचित आढळेल. या दुसऱ्या अर्थाच्या बंबाची सर्वांत कठोर परीक्षा १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झाली. कापूस व स्फोटके यांनी भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर आग लागून दोन महास्फोट झाले आणि जळते अवशेष आसपासच्या वस्तीवर कोसळले. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळण्यात येतो. आपले घर नीट असले म्हणजे आपण सुरक्षित, हा समज शहरात किती अपुरा आहे हे त्या दिवशी दिसून आले.

पाण्याची कसोटी आणखी निराळी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. कित्येक वाड्यांच्या मातीच्या व कच्च्या विटांच्या भिंती तासन्‌तास पाण्यात राहून विरघळल्या आणि वरचे मजले खाली आले. घराच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसणे हा पुरातील स्वाभाविक उपाय; परंतु मजला ज्या भिंतीवर उभा आहे ती भिंतच मातीची असेल तर तो उपाय घातक होतो. तेथे घर वेळीच सोडून उंच जागी जाणे हीच सुरक्षितता होती. पुण्याच्या बोलण्यात ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असा कालनिर्देश रूढ झाला. धरणाचे नाव कालगणनेचे परिमाण बनले. स्मृती अशी भाषेत टिकते. बांधकामाच्या नियमांत ती टिकतेच असे नाही.

४

आता किल्लारीचा विचार करावयाचा. दख्खनचे पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपाने त्या समजाला तडा गेला. तेथेही चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या होत्या. परंतु त्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेल्याने, जेथे असे मोठे धरण नाही त्या प्रदेशाला त्यापासून काही शिकावयाचे आहे असे कोणास वाटले नाही. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात लातूरचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, विभागात दाखविलेला होता.

१९९२ साली ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारीच्या परिसरात लहान धक्के वारंवार जाणवले. लोक भयभीत झाले. धक्के ओसरल्यावर मात्र व्यवहार पूर्ववत सुरू झाले. घर सोडून किती दिवस बाहेर राहणार, या प्रश्नाला शेतकऱ्याजवळ उत्तर नव्हते, आणि घर न सोडता ते कसे बळकट करावे हे सांगणारी यंत्रणा गावापर्यंत पोहोचलेली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे अवकाश असताना ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. जगात दरवर्षी या प्रतीचे अनेक भूकंप होतात आणि त्यांतील बहुतेकांची वार्ताही दूरवर जात नाही. येथे मात्र नाभी उथळ होती, वस्ती अगदी जवळ होती, आणि माणसे माळवदाखाली होती. मृतांच्या संख्येविषयी निरनिराळ्या नोंदींत फरक आहे. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे ढिगाऱ्यांत परिणत झाली.

घरे कशी पडली, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. त्या जाड भिंती वस्तुतः एकसंध नव्हत्या. बाहेरच्या व आतल्या बाजूस दगडांचे दोन स्वतंत्र पदर आणि मध्ये खडी-मातीची भरती अशी त्यांची रचना होती. दोन्ही पदर एकमेकांशी जखडणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. हादरा बसताच मधली भरती खाली दबली, तिने दोन्ही पदर बाहेर ढकलले आणि भिंत फुगून फाटली. भिंत जितकी जाड तितकी बळकट, ही सर्वसामान्य समजूत येथे उलटी ठरली : भिंत जितकी जाड तितके अंगावर पडणारे दगड अधिक. ज्या घरांत तुळया भिंतींवर टेकल्या होत्या, तेथे भिंतींबरोबर मातीने लादलेले माळवदही खाली आले. दगडांखालून कदाचित वाचू शकणारी माणसे त्या मातीत गुदमरली.

ज्या घरांत खांबांचा सांगाडा शाबूत होता, त्यांपैकी कित्येकांत भिंती ढासळूनही माळवद खांबांवर उभेच राहिले. तेथेही आतल्या बाजूस पडलेल्या दगडांनी माणसे मेली. परंतु छत डोक्यावर आले नाही. ‘खण’ हे घराचे खरे माप असल्याचे जे ज्ञान शब्दात शिल्लक होते, ते या पहाटे शब्दशः खरे ठरले. गवताच्या हलक्या छपराखाली राहणाऱ्या गरिबांच्या झोपड्यांत प्राणहानी अल्प झाली. गावात ज्याचे घर सर्वांत भक्कम म्हणून नावाजलेले, तोच सर्वांत अधिक धोक्यात होता. हाच भूकंप वैशाखात झाला असता, तर पुष्कळ माणसे अंगणात किंवा माळवदावर निजलेली असती आणि मृतांचा आकडा निराळा दिसता, असे अनुमान करण्यास जागा आहे. घर तेच, भूकंप तोच; केवळ ऋतू बदलल्याने सुरक्षिततेचे गणित बदलले असते.

येथवरच्या उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. लाकडाच्या ज्या सांगाड्यामुळे शनिवारवाडा सात दिवस जळत राहिला, तसल्याच सांगाड्याने किल्लारीत छत तोलून धरले. ज्या मातीने ठिणगी विझविली आणि ऊन अडविले, त्याच मातीने पुण्यात पुराच्या पाण्याला वाट दिली आणि मराठवाड्यात श्वास कोंडला. गवत भूकंपात तारते आणि आगीत मारते. कोणताही पदार्थ सर्व संकटांत मित्र नाही व सर्व संकटांत शत्रूही नाही.

५

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा विस्तृत कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे स्थलांतर करण्यात आले. अन्य गावांतील घरांसाठी जागच्या जागी मजबुतीकरणाचे उपाय सुचविण्यात आले : भिंतींत आरपार दगड किंवा त्यांच्या जागी काँक्रीटचे बंध घालणे, भिंतींच्या माथ्यावर सलग पट्टा बांधणे, आणि माळवदावरील अनावश्यक माती उतरविणे. यांतील शेवटचा उपाय जवळपास बिनखर्चाचा होता. मजुरी तेवढी लागत होती. परंतु पिढ्यानपिढ्या ज्या कृतीने घर राखले गेले, तिच्या नेमकी उलट कृती करणे म्हणजे आपल्या हाताने घराला गळती व ऊन लावून घेणे, असे मालकास वाटणे अस्वाभाविक म्हणता येणार नाही. अभियंत्याची भाषा भाराची होती; गृहस्थाची भाषा गळतीची होती. एकाच माळवदाविषयी दोघे बोलत असूनही त्यांच्या बोलण्याचा विषय एक नव्हता.

नव्या वसाहती शेतजमिनीवर, सरळ रेषेतील रुंद रस्त्यांच्या आखणीने उभ्या राहिल्या. ज्या प्रदेशात ‘पांढरी’ हा वस्तीचाच पर्यायशब्द, तेथे पांढरी उठून काळीवर गेली, हे स्थित्यंतर केवळ भौगोलिक नव्हते. काळी माती फुगते आणि आकसते. तिच्यात पाया विशेष काळजीने घ्यावा लागतो. पूर्वीच्या दाट वस्तीत एका भिंतीची सावली दुसऱ्या भिंतीवर पडे आणि अरुंद गल्ल्या दुपारीही सावलीत राहत. रुंद रस्त्यांवरील सुट्या घरांना ती सावली उरली नाही.

दरम्यान दगडी घराविषयीची भीती लोकांच्या मनात खोल रुजली. अनेक कुटुंबांनी उभी असलेली जुनी घरे सोडून शेजारी पत्र्याचे छप्पर उभारले. पत्रा हलका असतो. तो कोसळला तरी माणूस बहुधा वाचते. तो पेटतही नाही. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालची दुपार ही भट्टीहून फारशी निराळी नसते. काँक्रीटचे पातळ छत बरे, तरी तेही दिवसा तापते आणि साठविलेली उष्णता रात्री, माणसे निजली असताना, खाली सोडते. माळवदाने जे संकट शेकडो वर्षे दाराबाहेर ठेवले होते, ते भूकंपाच्या भीतीने उघडलेल्या दारातून घरात आले.

उष्णतेच्या संकटाची गणना दीर्घकाळ आपत्तींत होतच नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. भाषेचा पुरावा या बाबतीत बोलका आहे. झळ, काहिली, तगमग, लाही, ऊन लागणे असे शब्द मराठीत विपुल आहेत. परंतु ते सर्व शरीराच्या अनुभवाचे शब्द आहेत. भूकंप ‘होतो’, पूर ‘येतो’, आग ‘लागते’. त्यांना तारीख असते. ऊन मात्र असतेच. म्हणून उन्हाने मेलेल्याचा मृत्यू ‘घटना’ ठरत नाही. ‘उष्माघात’, ‘उष्णतेची लाट’ हे संस्कृतप्रचुर व शासकीय वळणाचे शब्द रूढ झाल्यावरच त्याला नोंदीत स्थान मिळाले. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीहून ४.५ अंशांनी अधिक असल्यास, अथवा प्रत्यक्ष ४५ अंशांवर पोहोचल्यास, भारतीय हवामानखाते उष्णतेची लाट मानते. मे २०१० मध्ये अहमदाबादला आलेल्या लाटेत तेराशेंहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाल्याचे पुढील अभ्यासात निष्पन्न झाले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती-आराखडा सिद्ध केला. छतांना पांढरा रंग देणे हा तेथे अवलंबिलेल्या उपायांपैकी एक. पांढऱ्या मातीचे माळवद ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या उपायात काही अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

६

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, परंतु निश्चित आहे. सुरक्षितता हा घराचा अंगभूत गुण नाही. विशिष्ट घर, विशिष्ट संकट आणि विशिष्ट वेळ या तिहींच्या संबंधातून ती निर्माण होते. ‘घरातच थांबा’ आणि ‘घराबाहेर पडा’ या दोन सूचना परस्परविरोधी असूनही दोन्ही खऱ्या आहेत : उन्हाच्या लाटेत पहिली, धरण फुटले असता दुसरी. भूकंपात मेजाखाली शिरून डोके झाकावे ही सूचना काँक्रीटच्या बांधणीच्या घरात अर्थपूर्ण आहे. अडीच फूट मातीने लादलेल्या माळवदाखाली त्याच मेजाचा उपयोग होईलच असे नाही. सूचना ज्या घरासाठी रचली गेली, ते घर आणि ती ऐकणाऱ्याचे घर एक आहे काय, हे तपासल्यावाचून केलेला उपदेश निष्फळ होतो.

लातूरचा प्रदेश २००२ च्या सुधारित नकाशात तिसऱ्या विभागात गेला, आणि २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. नकाशे आणि कायदे यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु मराठवाड्यात आजही पुष्कळ माळवदे उभी आहेत आणि त्यांच्या शेजारी पत्र्याची छपरेही आहेत. एकाखाली उन्हाळा सुसह्य आहे आणि भूकंप असह्य. दुसऱ्याखाली नेमके उलट. आरपार दगडांनी बांधलेली भिंत, शाबूत खांब आणि बेताची माती, एवढ्या तीन गोष्टी साधल्या तर हा पेच बऱ्याच अंशी सुटू शकतो. या तिन्ही गोष्टी गावच्या गवंड्याला व सुताराला अपरिचित नव्हत्या. लाकडाच्या टंचाईने, खर्चाच्या ओढीने आणि दर पावसाळ्याच्या घाईने त्या मागे पडल्या. त्या पुन्हा व्यवहारात आणावयाच्या असतील, तर ‘किती खणांचे घर?’ या जुन्या प्रश्नाला ‘माळवदावर माती किती?’ या प्रश्नाची जोड द्यावी लागेल, आणि तो प्रश्न पावसाळ्यापूर्वी दरवर्षी विचारावा लागेल.